लिफ्ट न करता मोठे टायर: कोणतं माप, कोणती डिस्क आणि कुठे घासणार?

निवांत_चालक

मंडळी, गाडीचे टायर गुळगुळीत व्हायला आलेत. बदलायचेच आहेत तर जरा मोठे घालावेत असं डोक्यात आहे, म्हणून हा धागा. सस्पेन्शनला हात लावायचा नाही, म्हणजे उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलायची (लिफ्ट) नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरातल्या वयस्कर माणसांना आत्ताच चढता-उतरताना दांडा धरावा लागतो, हायवेला गाडी डुलायला नको, आणि लिफ्टच्या मागोमाग येणारी शाफ्टचे कोन, अलाइनमेंट, शॉकअप ही वरातही नको.

गाडी लॅडर फ्रेमवाली. पुढे डबल विशबोन, मागे सॉलिड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. डिझेल, मॅन्युअल, फायनल ड्राइव्ह ४.१० (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या ४.१० फेऱ्या). टायर २४५/७० आर १६, डिस्क (रिम) ७ इंच रुंद, ऑफसेट (चाक हबपासून किती आत-बाहेर बसतं तो आकडा, मिमीत) ३०. वापर बहुतेक डांबरावर, सुट्टीत कच्चे रस्ते, नदीपात्रातले गोटे, पावसात चिखल. पोट टेकतं ते जास्त करून मागच्या डिफरन्शियलपाशी, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गोळ्यापाशी.

डोळ्यासमोर चार मापं आहेत: २४५/७५, २६५/७०, २६५/७५ आणि २३५/८५, सगळी १६ इंचीच. शिवाय ८ इंच रुंद, झीरो ऑफसेटच्या डिस्क घालाव्यात का हाही प्रश्न आहे, कारण दिसतात फार देखण्या. ‘घासेल का’ असं ज्याला विचारावं तो ‘बसतंय हो, काही होत नाही’ म्हणतो. नक्की कसं ठरवायचं?

दगडधोंडे

२६५/७५, डोळे मिटून. घासलं तर आतलं प्लास्टिक थोडं कापायचं, मडफ्लॅप काढायचा, विषय संपला. एवढासा टायर वाढवायचा असेल तर बदलूच नका. आणि झीरो ऑफसेट घ्याच, गाडी कशी रुंद, रुबाबदार दिसते.

मोजपट्टी

दगडधोंडे, तुमचा उत्साह पोचला. आधी आकडे मांडू, मग भांडू.

टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, त्या रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा डिस्कचा व्यास, इंचांत. म्हणजे २४५/७० आर १६ ची एक भिंत १७१.५ मिमी, दोन भिंती ३४३, त्यात १६ इंचांचे ४०६.४ मिळवले की एकूण व्यास ७४९.४ मिमी. आता बाकीचे:

२४५/७५ → ७७३.९ मिमी, म्हणजे ३.३ टक्के मोठा
२६५/७० → ७७७.४ मिमी, ३.७ टक्के
२६५/७५ → ८०३.९ मिमी, ७.३ टक्के
२३५/८५ → ८०५.९ मिमी, ७.५ टक्के

यादी चारची असली तरी प्रत्यक्षात दोनच पायऱ्या आहेत. पहिली साडेतीन टक्क्यांच्या आसपास, दुसरी साडेसात. पहिल्या पायरीवर बहुतेक गाड्या कुरकुर न करता चालतात. दुसरीवर काय काय बदलतं ते इथले जाणकार सांगतीलच.

पोट टेकण्याबद्दल: व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची वाढते, कारण अ‍ॅक्सल चाकाच्या मधोमध असतो. २४५/७५ ने १२ मिमी, २६५/७५ ने २७ मिमी. पण सॉलिड अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल लिफ्ट करूनही वर जात नाही, तो फक्त टायरनेच वर जातो. त्यामुळे तुमच्या तक्रारीवर टायर हाच इलाज आहे, फक्त डोस मिलिमीटरमध्ये आहे.

एक खुसपट काढतोच. छापील माप आणि खरं माप यात फरक असतो. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी उभे केले तर उंचीत सहज बोटभर फरक निघू शकतो, आणि मड टेरेन (चिखलासाठीच्या) टायरच्या खांद्यावरचे ठोकळे बाहेर आलेले असतात ते वेगळेच. कंपनीच्या तक्त्यात एकूण व्यास आणि सेक्शनची रुंदी मिमीत दिलेली असते. ती बघा.

रानभूल

माहितीपूर्ण. एक बाळबोध प्रश्न: गाडी उभी असताना चाक आणि मडगार्डमध्ये चांगली वीतभर जागा दिसते. मग ५०-५५ मिमी व्यास वाढला, म्हणजे वर जेमतेम २७ मिमी, तर घासायचा प्रश्न येतोच कुठे?

नट_बोल्ट

बाळबोध नाही, खरी मेख तिथेच आहे. उभ्या गाडीची जागा बघून काहीही ठरत नाही. चाक वर येतं तेव्हा ती वीतभर जागा संपते, आणि स्टिअरिंग वळवलं की टायरचे कोपरे पुढे-मागे फिरतात. दोन्ही एकदम झालं, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळलेलं आणि त्याच चाकाखाली दगड आलेला, तेव्हा टायर कुठे असतो ते बघायचं. पुढचं चाक दोन ठिकाणी लागतं: पुढच्या बाजूला बंपरचा खालचा कोपरा आणि लायनर (मडगार्डच्या आतलं प्लास्टिक), मागच्या बाजूला चाकामागची पत्र्याची शिवण किंवा बॉडी माउंट (बॉडी चेसिसवर जिथे बसते तो आधार). प्लास्टिकला लागलं तर आवाज येतो, कापता येतं. बॉडी माउंट कापायचं म्हणजे चेसिसवर वेल्डिंग. ते काम करूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, निदान एक माप मोठ्या टायरच्या हौसेपायी तरी.

आता लिफ्टबद्दल, कारण ‘लिफ्ट केलं की सगळं बसतं’ हे सगळीकडे वाचायला मिळतं. लिफ्टने गाडी *उभी असताना* उंच होते. चाक वर किती येणार हे बंप स्टॉप, म्हणजे त्याला वर अडवणारा रबरी ठोकळा, ठरवतो. स्प्रिंग उंच घातली आणि बंप स्टॉप तोच ठेवला, तर पूर्ण दाबलेल्या अवस्थेत टायर तिथेच पोचतो जिथे लिफ्टविना पोचला असता. तिथे लागत असेल तर लिफ्टनंतरही लागणार, फक्त कमी वेळा. त्यामुळे लिफ्ट न करणारा माणूस फार मोठ्या गोष्टीला मुकतोय असं नाही. बिनालिफ्टच्या गाडीचं गणित जमलं नसेल तर लिफ्टवाल्याचंही जमलेलं नसतं, त्याला ते उशिरा कळतं इतकंच.

दगडधोंडे

हे मान्य. तरी मी म्हणेन प्लास्टिक कापायला घाबरायचं काय.

गिअरवाली

घासण्याच्या पलीकडेही काही आहे की नाही? मी त्याबद्दल लिहिते.

टायर मोठा झाला की फायनल ड्राइव्ह आपोआप लांब होतो. ४.१० ची गाडी २६५/७५ वर ३.८२ सारखी वागायला लागते. हायवेला टॉप गिअरमध्ये इंजिन निवांत फिरतं, हे ऐकायला छान. पण चढावर लोडेड गाडी पूर्वी ज्या गिअरमध्ये ओढायची तिथे एक गिअर खाली टाकावा लागतो, आणि लो रेंजमध्ये (फोरव्हीलच्या हळू, ताकदीच्या गिअरमध्ये) उतारावर इंजिन ब्रेकिंग जरा सैल पडतं. गोट्यांवरून रांगताना क्लचवर पाय जास्त जातो. ब्रेकचंही तेच. ब्रेक चाकाला जेवढा पिळा देतो तो तेवढाच, पण जमिनीपर्यंतचा हात लांब झाला, म्हणून तेवढीच गाडी तेवढ्याच जोरात थांबवायला पेडल सुमारे सात टक्के जास्त दाबावं लागतं. लांब उतारावर ती गरमी कुठेतरी जातेच.

कंपन्या स्वतः मोठे टायर देतात तेव्हा काय करतात ते बघा. २०१८ पासूनची रँग्लर रुबिकॉन २८५/७० आर १७ वर येते, जवळपास ३३ इंची. पण तिचे मडगार्ड साध्या मॉडेलपेक्षा उंच बसवलेले असतात आणि फायनल ड्राइव्ह ४.१० असतो, जिथे अमेरिकेतल्या साध्या स्पोर्टला ३.४५ मिळायचा. टायर एकटा आलेला नाही, सोबत बिऱ्हाड घेऊन आलाय.

दुसरं वजन. हे कुणी विचारतच नाही. एकाच मापात साधा पॅसेंजर टायर आणि एलटी (लाइट ट्रक, जाड बांधणीचा) टायर यांत चाकामागे चार-पाच किलोंचा फरक सहज असतो. हे वजन स्प्रिंगच्या खालचं आणि शिवाय गरगर फिरणारं. शॉकअपला ते आवरायचं असतं, बॉल जॉइंट, टाय रॉड, बेअरिंग यांना झेलायचं असतं, आणि प्रत्येक सिग्नलला इंजिनाला ते नव्याने फिरवायचं असतं. अ‍ॅव्हरेज पडतं त्यात व्यासापेक्षा वजनाचा आणि ठोकळ्यांच्या नक्षीचा वाटा मोठा, असा माझा अनुभव. तेव्हा माप ठरवण्याआधी एलटी हवाय का ते ठरवा. धारदार खडकात भिंती फाटत असतील तर हवा. नाहीतर साध्या बांधणीचा ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा, दोन्हीसाठीचा) बघा.

निवांत_चालक

एलटीला हवा किती मारायची? तेवढीच ना?

गिअरवाली

नाही, आणि इथेच गडबड होते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर जो आकडा आहे तो कंपनीच्या मूळ टायरसाठी. एलटी टायरची क्षमता मोठी असते, पण ती जास्त हवेवर मिळते. उदाहरणार्थ एलटी २६५/७५ आर १६, लोड रेंज ई: लोड इंडेक्स १२३, म्हणजे एका टायरवर १५५० किलो, पण ८० पीएसआयला. साध्या टायरच्या ३५ पीएसआयला तो तेवढं तर नाहीच, साध्या टायरहूनही कमी पेलतो. म्हणून टायर कंपनीचा लोड-आणि-हवेचा तक्ता बघून, तुमच्या मूळ टायरची क्षमता ज्या आकड्याला मिळते तिथपर्यंत हवा वाढवायची. बहुतेकांच्या बाबतीत स्टिकरपेक्षा काही पीएसआय वर जावं लागतं. कुणी ८० मारून गाडी दगडासारखी उडवत नेतात, तेही नको.

लोड इंडेक्स मूळ टायरपेक्षा कमी कधीच नको. तुमच्या मूळ मापात तो बहुधा १०७ असेल, ९७५ किलो. २४५/७५ ला १११ मिळतो, १०९० किलो. वेगाचं अक्षरही बघा: मड टेरेनला अनेकदा ‘क्यू’ असतं, म्हणजे १६० किमीची मर्यादा. ‘एस’ १८०, ‘टी’ १९०.

अडाणी_अण्णा

स्पीडोमीटर चुकतो म्हणतात ते? मग दंड कोण भरणार?

मोजपट्टी

अण्णा, तुम्ही भरणार.

गंमत बाजूला. २६५/७५ वर मीटर १०० दाखवेल तेव्हा पूर्वीपेक्षा ७.३ टक्के जास्त वेगात असाल. पण मूळ मीटर मुळातच फुगवून दाखवत असतो. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ ज्या देशांत लागू आहे तिथे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायचा नाही, जास्त दाखवायला मात्र दहा टक्के अधिक ४ किमीपर्यंत मुभा. म्हणून कंपन्या सुरक्षित बाजूला राहतात. समजा तुमचं मीटर आज १०० दाखवताना खरा वेग ९५ आहे. २४५/७५ वर तो ९८ होईल, उलट जास्त खरा. २६५/७५ वर १०२ च्या जवळ, म्हणजे रेषेच्या पलीकडे. जुन्या टायरवर असतानाच जीपीएस लावून स्वतःचा फरक टिपून ठेवा, नंतर टिपता येत नाही. ओडोमीटरही त्याच प्रमाणात कमी मोजतो, त्यामुळे ‘मोठ्या टायरने अ‍ॅव्हरेज इतकं पडलं’ म्हणणाऱ्यांनी तेवढं आधी दुरुस्त करून मग रडावं.

आणि कायदा, विमा, तपासणी हे देशागणिक वेगळं. काही ठिकाणी व्यासाची टक्केवारी ठरलेली असते, काही ठिकाणी चाक मडगार्डच्या बाहेर आलं की गाडी अडते. आपापलं बघून घ्या.

नट_बोल्ट

डिस्कवर कुणीच बोललं नाही, म्हणून मी. माझ्या मते या धाग्यातला महत्त्वाचा प्रश्न टायरच्या मापाचा नाही, ऑफसेटचा आहे.

ऑफसेट म्हणजे डिस्क हबला जिथे टेकते तो पृष्ठभाग आणि डिस्कची मध्यरेषा यांतलं अंतर. आकडा जितका कमी तितकं चाक बाहेर. ७ इंचाच्या ऑफसेट ३० डिस्कवरून ८ इंचाच्या झीरोवर गेलात तर चाकाची बाहेरची कड ४२.७ मिमी बाहेर येते. आतली कडही १७.३ मिमी बाहेर सरकते. म्हणजे आत वरच्या आर्मपाशी जागा मिळाली, छान. पण जो टायर बाहेर गेला तो स्टिअरिंग वळवताना मोठ्या कंसात फिरतो. जवळ असताना बंपरच्या आतून निसटणारा कोपरा आता बंपरवरच येतो, आणि मागच्या बाजूला थेट पत्र्याच्या शिवणीवर. माझ्याकडे ‘मोठा टायर घासतो’ म्हणून येणाऱ्या गाड्यांत टायरपेक्षा डिस्कच जास्त वेळा दोषी निघते. त्याच गाडीला तोच टायर मूळ डिस्कवर घातला की शांत.

शिवाय चाक बाहेर गेल्यावर स्क्रब रेडियस (चाक ज्या आसावर वळतं तो जमिनीला भेटतो तिथपासून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) वाढतो. एका चाकाखाली खड्डा आला की स्टिअरिंग हातातून ओढलं जातं, बेअरिंगवरचा भार तिरका पडतो, आणि चिखल थेट आरशापर्यंत उडतो. स्पेसर लावला तरी परिणाम हाच, वर जोडाला आणखी एक जागा.

रुंद डिस्क हवीच असेल तर ८ इंच, ऑफसेट २० च्या आसपास शोधा. बाहेर २२.७ मिमी, आत जेमतेम ३ मिमी जवळ. तरी मी म्हणेन ७ इंची मूळ डिस्कच ठेवा. तुमची चारही मापं तिच्यावर नियमात बसतात. २६५/७५ ला ७ ते ८ इंच चालतात, २३५/८५ ला ६ ते ७, २४५/७५ ला साडेसहा ते ८. शिवाय टायरच्या मानाने डिस्क अरुंद असली तर हवा कमी केल्यावर मणी (टायरची डिस्कवर घट्ट बसणारी कड) सहजासहजी उतरत नाही.

दगडधोंडे

रुबाबाचं काय मग?

नट_बोल्ट

रुबाबासाठी फ्लेअर (मडगार्डच्या कडेची रुंद पट्टी) चिकटवा, टायरला हात लावू नका.

रानभूल

हाहा. मग मोजायचं कसं ते कुणीतरी नीट सांगा ना. टायर विकत घेऊन बसवून बघणं हे काही मोजणं नव्हे.

नट_बोल्ट

सांगतो, जरा लांब होईल.

स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत उचलून बघतात, ती उत्तम पद्धत. पण पुढे कॉइल-ओव्हर (शॉकअपभोवतीच बसवलेली स्प्रिंग) असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय तिला हातही लावू नका, ती दाबलेली असते आणि सुटली तर मोडते ते हाड तुमचं असतं. घरच्या घरी दुसरा मार्ग आहे. पुढचं एक चाक आणि त्याच्या तिरकं समोरचं मागचं चाक भक्कम रॅम्पवर किंवा ओंडक्यांवर चढवा. गाडी पीळ खाते आणि वर गेलेलं पुढचं चाक जवळजवळ पूर्ण दाबलं जातं. उरलेली दोन चाकं गच्च अडवा. गाडीखाली जायचं नाही. बंप स्टॉप पूर्ण दाबला गेला नाही तर त्याच्यात आणि आर्ममध्ये किती मिमी राहिले ते मोजा. आर्मवरच्या बिंदूपेक्षा चाक जास्त सरकतं, दीडपट-दुप्पट धरा, आणि तेवढी जागा टायरला अजून लागणार हे लक्षात ठेवा.

आता त्याच अवस्थेत दुसऱ्याला स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवायला सांगा. तुम्ही बाहेरून बघा. पुठ्ठ्याची अर्धी चकती कापून घ्या, नव्या टायरच्या त्रिज्येची, मूळ टायरच्या मध्याशी जुळवून चाकाच्या बाहेरच्या अंगाला धरा, मग आतल्या अंगाला. जिथे ती लायनरला लागते तिथे खडूची खूण. रुंदीसाठी दोन्ही बाजूंनी वाढणारे मिमी वेगळे धरा: २६५ असेल तर बाजूला साधारण दहा, २३५ असेल तर उलट पाच वाचतात.

मागच्या चाकांना स्टिअरिंग नाही, पण वर येताना आतली भिंत शॉकअपला किंवा स्प्रिंगच्या बैठकीला लागते का ते बघा. आणि रिव्हर्समध्ये पूर्ण वळवून एकदा ब्रेक मारा, चाक किंचित पुढे-मागे सरकतं, तेव्हाच एखादा कोपरा पकडतो. बर्फाच्या साखळ्या लावणाऱ्यांनी आतल्या बाजूला साखळीची जाडीही धरावी.

सगळ्याला किती जागा ठेवायची? मी फिरत्या टायरभोवती १० मिमीच्या खाली जात नाही. रबर बुश दबतात, भरधाव टायर थोडा फुगतो, चिखल चिकटतो.

निवांत_चालक

केलं. शेजारच्याला स्टिअरिंगवर बसवलं, मी पुठ्ठा घेऊन चिखलात गुडघ्यावर.

पुढचं डावं चाक ओंडक्यावर. बंप स्टॉपला काही मिमी उरले होते, ते दुप्पट करून धरले. २४५/७५ ची चकती सगळीकडून मोकळी फिरली, सगळ्यात अडचणीची जागा चाकामागे, तिथे १४ मिमी. २६५/७० ला तीच जागा ५-६ मिमी, कारण रुंदीने बाहेरचा खांदा थेट शिवणीवर आला. आणि २६५/७५ ची चकती स्टिअरिंग अर्ध्याहून थोडं पुढे गेलं की लायनरच्या त्या बटणासारख्या प्लास्टिक खिळ्यावर येते. खिळा काढून लायनर आत दाबला, तर त्याच्यामागे वॉशरच्या पाण्याची टाकी. दुसऱ्या टोकाला पत्र्याची शिवण आणि लगेच मागे बॉडी माउंट, तिथे चकती चक्क अडकली. कापून सुटणारं नाही ते.

अनपेक्षित म्हणजे २३५/८५. उंची २६५/७५ इतकीच, तरी शिवणीपाशी ती निसटली, कशीबशी. अरुंद असल्यामुळे खांदा आत राहतो. पुढे मात्र लायनरला लागली.

मोजपट्टी

हे वाचून बरं वाटलं. अरुंद-उंच टायर जुन्या गाड्यांवर उगाच नव्हते. २३५/८५ आर १६ हे जुन्या ७.५० आर १६ चं जवळपास जुळं माप. लँड रोव्हर डिफेंडर ११० या दोन्हींवर आली आहे.

अलाइनमेंट करताना कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) थोडा वाढवून मागितला, कंपनीच्या मर्यादेत, तर चाक काही मिमी पुढे सरकतं. मागे जागा मिळते, पुढची जाते. तुमच्या बाबतीत शिवण अडचणीची आणि पुढे नुसतं प्लास्टिक, म्हणजे सौदा वाईट नाही.

दगडधोंडे

पण वाळूत आणि चिखलात रुंद टायर लागतो ना? अरुंद रुततो.

गिअरवाली

हवा कमी केलीत की टायरची जमिनीवरची छाप प्रामुख्याने लांबीला वाढते, रुंदीला थोडी. उंच टायरची छाप आणखी लांब. वाळूत तीच लांब छाप तारते, आणि समोर ढकलायची वाळूही अरुंद टायरला कमी. पातळ चिखलाखाली टणक तळ असेल तर अरुंद टायर तो तळ गाठतो. तळच नसलेल्या दलदलीत रुंद बरा, तिथे मी हरले. हवा किती कमी करायची ते गाडीच्या वजनावर, कच्च्या रस्त्याला १८-२० पीएसआयपासून सुरुवात करा. १५ च्या खाली साध्या डिस्कवर वळणं जपून, मणी उतरतो. आणि डांबरावर यायच्या आधी हवा भरा, कमी हवेवरचा वेग टायर आतून शिजवतो.

याच कारणाने १८-२० इंची डिस्कच्या नादी लागू नका. तेवढ्याच व्यासात भिंत कमी झाली की दाबायला काही उरत नाही. उलट ब्रेक कॅलिपर मोकळा राहत असेल तर लहान डिस्क आणि उंच भिंत.

अडाणी_अण्णा

मग ठरलं काय? आणि स्टेपनी कुठे बसणार? माझ्या गाडीत खाली लटकते.

नट_बोल्ट

अण्णांनी धाग्यातला सर्वात व्यावहारिक प्रश्न विचारलाय. स्टेपनी त्याच मापाची हवी, पार्ट-टाइम (गरजेपुरत्या लावायच्या) फोरव्हीलमध्ये तर हवीच. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर वेगळ्या व्यासाची चाकं घालून कोरड्या रस्त्यावर फोरव्हील लावलं की ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) पीळ साठत जातो. खाली लटकणारी असेल तर चेन वर ओढल्यावर टायर एक्झॉस्टला किंवा बंपरच्या आतल्या पट्टीला लागतो का बघा. मागच्या दारावर असेल तर बिजागऱ्या आणि दाराचं लॉक. जड टायरने दार लोंबायला लागतं आणि कच्च्या रस्त्यावर खडखडतं.

निवांत_चालक

खाली लटकणारीच आहे. चकती नेऊन बघितली, २४५/७५ आरामात, २३५/८५ एक्झॉस्टच्या टोकाला टेकते. त्यावर निर्णय झालाच. २४५/७५ आर १६, साध्या बांधणीचा ऑल टेरेन, मूळ ७ इंची डिस्कवर, पाच नग. झीरो ऑफसेटवाल्या डिस्कचा फोटो मोबाईलवरून काढला.

दगडधोंडे

१२ मिमीसाठी एवढा धागा! असो, टायर चांगला निवडलास, नक्षीच जास्त कामाची. बसवशील तेव्हा स्वतः उभा राहा. नट आधी हाताने, मग तारेच्या आकारात आळीपाळीने, शेवटी टॉर्क पानाने मॅन्युअलमधल्या आकड्याला. इम्पॅक्ट गनने नाही. पन्नास-शंभर किमीनंतर पुन्हा एकदा.

नट_बोल्ट

दगडधोंडेंना पहिल्यांदाच शंभर टक्के अनुमोदन. पुढेमागे डिस्क बदलणाऱ्यांसाठी एवढं जोडतो: नटाची बैठकही बदलते. काही कंपन्यांच्या अलॉयला सपाट वॉशरवाले, लांब मानेचे नट लागतात, बाहेरच्या डिस्कला बहुतेक शंकूचे. एकाचे नट दुसऱ्यावर घट्ट बसल्यासारखे वाटतात आणि सैल होतात. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये रिंग घाला, म्हणजे डिस्क मध्यावर बसते आणि ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरत नाही.

गिअरवाली

आणि पाचही टायरच्या भिंतीवरची तारीख बघ. डॉटच्या ओळीतले शेवटचे चार आकडे, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. ही ओळ बऱ्याचदा एकाच भिंतीवर पूर्ण असते आणि बसवताना नेमकी ती बाजू आत जाते, त्यामुळे डिस्कवर चढवायच्या आधीच बघून घे.